नमुना अपुरा

कपाट तिसरं, खण खालून दुसरा,
कागद क्रमांक सहाशे चौदा.
डहाळी एक, पानं सात.
(आठवं मी चिकटवताना मोडलं.
नेहते मॅडम काही बोलल्या नाहीत,
नुसता चष्मा काढून पुसला.)
खाली त्यांच्या बारीक अक्षरात:
ठिकाण, तापीच्या पात्रातलं बेट, तालुका चोपडा.
संख्या, एकोणीस झाडं.
इतरत्र, आढळ नाही.
स्थानिक नाव,
आणि पुढे एक रेघ.

विचारलं नव्हतं असं नाही.
आनंदा वाडिले होडी वल्हवत होता,
म्हणाला, "झाड शे ते. झाडच म्हंतस."
"पण दुसऱ्या झाडांतून वेगळं कसं ओळखता?"
त्याने वल्हं पाण्याबाहेर धरलं,
थेंब गळू दिले.
"तठे दुसरं झाडच नही, ताई."

कोलकात्याहून चार महिन्यांनी पत्र आलं:
कुठल्याच नोंदीशी जुळत नाही.
तथापि नमुना अपुरा.
फूल पाठवावे.

फूल.
ते येतं भादव्यात.
हतनूरचे दरवाजे उघडतात,
निमगव्हाणच्या पुलावर पोलीस दोरी बांधतो,
काकवीच्या रंगाची तापी
ओंडके, कडबा, कुणाच्या तरी न्हाणीचं दार
घेऊन जात असते,
तेव्हा मधल्या त्या खडकावर
एकोणीसच्या एकोणीस फुलतात.
काठावरून दिसतं ते एवढंच,
हिरव्यावर पिवळट साय धरल्यासारखं.
नवव्या दिवशी साय नसते.
पाणी उतरून होडी लागेपर्यंत
फांद्यांवर नुसते देठ,
आणि खाली, खडकाच्या फटीत अडकलेल्या
हरभऱ्याएवढ्या काळ्या बिया.

बेचाळीस बिया आणल्या मॅडमनी.
दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या,
प्रयोगशाळेच्या मागे, पत्र्याच्या सावलीला.
मी दोन वेळा पाणी घातलं, सुट्टीतसुद्धा.
एकतीस उगवल्या.
दोन पानं, मग चार.
वैशाखात एकेक करून मान टाकत गेल्या.
पुढच्या साली नदीचीच माती दिली,
नदीचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलवर आणलं,
यावलच्या रोपवाटिकेत दिल्या, शिरपूरला दिल्या.
कुठेच नाही.
मॅडम म्हणायच्या, त्या खडकात काहीतरी आहे, सोपान,
जे आपण मागायलाच विसरतो.

एका भादव्यात आनंदा निघाला होता फूल आणायला.
दोर सोडलासुद्धा होता.
मॅडमनी चिखलात उतरून
त्याचा सदरा मागून धरला.
"नाव नसलं म्हणून झाड मरत नाही," म्हणाल्या,
"तू मरशील."
काठावर कोणी हसलं नाही.

त्या निवृत्त झाल्या, फैजपूरला असतात.
फोनवर माझी तब्येत नंतर,
आधी विचारतात, डांबरगोळ्या बदलल्या का.
नवीन सरांनी फाइल पाहिली,
म्हणाले, फूल नाही तर शोधनिबंध नाही.
बरोबर आहे त्यांचं.
मी शिपाई माणूस, मी काय बोलू.

पण एक गोष्ट कुठल्याच कागदावर नाही.
भादवा सरता सरता
काठावरच्या बाभळींना जी पोळी लागतात,
त्यांचा मध जिभेवर कडवट लागतो,
मग घशात उतरल्यावर थंड,
माठातल्या पाण्यासारखा.
आनंदाची नात बोट चाटून सांगते,
"हाऊ तठला शे."
पुलावरची दोरी
माश्यांना अडवत नाही.

फूल मी पाहिलेलं नाही.
कागदावर, डहाळीच्या वरती, उजव्या अंगाला
मॅडमनी बोटभर जागा मोकळी सोडली आहे.
गोळ्या बदलायला कपाट उघडतो तेव्हा
आधी तेवढी जागा
फडक्याच्या टोकाने पुसून घेतो.